क्रिप्टो पाठवताना पत्ता चुकू नये म्हणून

यूपीआयने पैसे पाठवताना रक्कम भरण्याआधीच समोरच्याचे नाव पडद्यावर दिसते. एनईएफटी किंवा आरटीजीएस करतानाही लाभार्थ्याचे नाव पाहून घेण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करून द्यावी, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने दिला होता. क्रिप्टोच्या व्यवहारात असे नाव कोठेही उमटत नाही. तेथे असतो तो अक्षरांचा आणि अंकांचा एक लांबलचक पत्ता, आणि त्या पत्त्यावर गेलेली रक्कम परत मागण्यासाठी ना शाखा असते, ना शाखाधिकारी. त्यामुळे पत्ता भरताना घेतलेली काळजी हीच या व्यवहारातील जवळजवळ एकमेव सुरक्षा ठरते.

ही काळजी कशी घ्यायची हे सांगण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढचे सर्व विवेचन त्यावर उभे आहे. पत्ता शुद्ध असणे ही एक गोष्ट आहे आणि तो योग्य असणे ही दुसरी. शुद्ध पत्ता म्हणजे ज्याची अक्षरे नियमात बसतात असा. योग्य पत्ता म्हणजे जो आपल्याला हव्या असलेल्या व्यक्तीचा, हव्या त्या नेटवर्कवरचा (नेटवर्क म्हणजे ज्या प्रणालीवर ते नाणे चालते ती) आणि आज तिच्या ताब्यात असलेला आहे असा. वॉलेटचे, म्हणजे क्रिप्टो ठेवण्या-पाठवण्याच्या ॲपचे, सॉफ्टवेअर शुद्धता तपासते. योग्यता त्याला कळत नाही, आणि मोठमोठ्या रकमा बुडाल्याच्या ज्या घटना सर्वज्ञात आहेत, त्यांतील बहुतेक शुद्ध परंतु अयोग्य पत्त्यांच्या आहेत.

शुद्धतेची तपासणी कोठवर साथ देते

आधार क्रमांकातील बारावा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला तपासणी अंक असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ती चूक लगेच पकडता येते. बिटकॉइनच्या पत्त्यातही हीच युक्ती आहे, मात्र अधिक कडक स्वरूपात. १ किंवा ३ या अंकाने सुरू होणाऱ्या जुन्या धाटणीच्या पत्त्यांत शेवटचे चार बाइट तपासणीसाठी राखलेले असतात. पत्ता लिहिताना हात चुकला आणि तरीही तो शुद्ध ठरला, असे होण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक इतकीच आहे. शिवाय या पत्त्यांच्या वर्णमालेतून शून्य, मोठ्या लिपीतील ओ, मोठ्या लिपीतील आय आणि छोट्या लिपीतील एल ही चार चिन्हे मुद्दाम वगळलेली आहेत, कारण डोळ्यांची फसगत नेमकी तेथेच होते. एखाद्याने पाठवलेल्या अशा पत्त्यात शून्य दिसले, तर तो पत्ता हाताने उतरवून घेतलेला आणि चुकलेला आहे, असे खुशाल समजावे.

२०१७ मध्ये मांडलेली आणि ‘बीसी१’ने सुरू होणारी बेक३२ ही पद्धत याहून काटेकोर आहे. चार अक्षरांपर्यंतची कोणतीही अदलाबदल ती हमखास पकडते. तिच्यात मोठ्या आणि छोट्या लिपीची सरमिसळ चालत नाही, म्हणून मोबाइलच्या कीबोर्डने पहिले अक्षर आपोआप मोठे केले तर वॉलेट पत्ता नाकारते. अशा वेळी वॉलेट बिघडले असे मानून दुसरे ॲप शोधू नये. पत्ता मूळ ठिकाणाहून पुन्हा घ्यावा. या पद्धतीत एक बारीक उणीव निघाली होती: पत्त्याचे शेवटचे अक्षर पी असेल, तर त्याच्या लगेच आधी क्यू हे अक्षर कितीही वेळा घातले किंवा काढले तरी ती चूक तपासणीत पकडली जात नसे. या पद्धतीतील जुन्या (सेगविट नावाच्या) पत्त्यांची लांबी ठरलेली असल्याने त्यांना याचा फारसा धोका नव्हता, परंतु नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या टॅपरूट या बिटकॉइनमधील सुधारणेच्या पत्त्यांसाठी सुधारित पद्धत घेण्यात आली. हे पत्ते ‘बीसी१पी’ असे सुरू होतात.

इथेरियमची गोष्ट निराळी आहे. त्याचा पत्ता म्हणजे ‘०एक्स’ या उपसर्गानंतर येणारी चाळीस षोडशमान चिन्हे (० ते ९ आणि ए ते एफ), आणि त्यात मुळात तपासणीची काहीच व्यवस्था नव्हती. २०१६ मध्ये जुन्या पत्त्यांना धक्का न लावता एक चतुर तोड काढण्यात आली: ए ते एफ या अक्षरांपैकी कोणती मोठ्या लिपीत आणि कोणती छोट्या लिपीत लिहायची, हेच पत्त्यावरून गणिताने ठरवले गेले. असा मिश्र लिपीतील पत्ता चुकलेला असूनही शुद्ध ठरण्याची शक्यता साधारण चार हजारांत एक असते. बिटकॉइनच्या मानाने ही तपासणी बरीच सैल आहे, आणि पत्ता संपूर्णपणे छोट्या लिपीत लिहिलेला असेल तर ती होतच नाही. म्हणून इथेरियमचा पत्ता कोणी सरसकट छोट्या लिपीत पाठवला, तर मिश्र लिपीतील पत्ता पुन्हा मागून घ्यावा. ‘दिसायला नीट दिसावे’ म्हणून अक्षरांची लिपी आपण होऊन बदलण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. सोलानाच्या पत्त्यात तपासणीचा भागच नसतो; तेथे एखादे अक्षर चुकले तर ते नियमाने पकडले जाईल याची हमी नाही.

या साऱ्याचा व्यवहारातील अर्थ एवढाच की पत्ता हाताने कधीही टंकित करू नये. तो कॉपी करावा किंवा क्यूआर कोडने घ्यावा, आणि कॉपी करतानाही पूर्ण आला आहे याची खात्री करावी. ई-मेलमध्ये किंवा पीडीएफमध्ये लांब पत्ता दोन ओळींत तुटतो आणि पहिलीच ओळ उचलली जाते, किंवा शेवटी एखादी मोकळी जागा चिकटून येते. अशा अर्धवट पत्त्याला वॉलेट बहुधा नाकारते. नाकारल्यावर उरलेली अक्षरे हाताने जोडून तो पुरा करण्याचा मोह मात्र आवरावा.

पत्ता कशाचा आहे

शुद्धतेची तपासणी अक्षरांची होते, अर्थाची नाही. मे २०२२ मध्ये जूनो या नेटवर्कवर मतदान होऊन एका खात्यातील सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलर किमतीची नाणी समुदायाच्या ताब्यातील पत्त्यावर हलवण्याचे ठरले. प्रत्यक्ष आज्ञावलीत मात्र पत्त्याच्या जागी त्याच्या शेजारी दिलेला व्यवहाराचा हॅश (व्यवहार ओळखण्याचा अक्षर-अंकी क्रमांक) चिकटवला गेला, आणि नाणी अशा ठिकाणी जाऊन पडली की जेथे कोणाचाच हात पोहोचत नव्हता. ती आज्ञावली शंभराहून अधिक व्हॅलिडेटरांनी (नेटवर्कवरील व्यवहार तपासून नोंदवणाऱ्यांनी) चालवली, पण चूक कोणाच्याही नजरेस आली नाही. अनेकांनी पाहिले म्हणजे कोणीतरी तपासले असेलच, हा समज किती फोल असतो ते यावरून दिसते.

सामान्य वापरकर्त्याच्या हातून याच जातीची होणारी चूक म्हणजे टोकन (एखाद्या नेटवर्कवर चालणारे नाणे) त्याच्याच काँट्रॅक्टच्या, म्हणजे ते टोकन चालवणाऱ्या नेटवर्कवरील प्रोग्रॅमच्या, पत्त्यावर पाठवणे. समजा, आपल्याला कोणाला यूएसडीटी (डॉलरच्या मोलाचे टोकन) पाठवायचे आहे. ब्लॉक एक्सप्लोररवर (नेटवर्कवरील व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) यूएसडीटी शोधले की सर्वांत वर जो पत्ता ठळकपणे दिसतो, तो त्या टोकनच्या काँट्रॅक्टचा असतो. तो कोणा व्यक्तीचा नसतो. वॉलेटमध्ये नवे टोकन जोडण्यासाठी तो कॉपी केलेला असतो आणि पुढच्या क्षणी ‘कोणाला पाठवायचे’ या चौकटीत तोच चिकटवला जातो. वॉलेटच्या दृष्टीने पत्ता शुद्ध असतो. बहुतेक टोकनांच्या काँट्रॅक्टमध्ये अशी आलेली रक्कम बाहेर काढण्याची तरतूद नसते, आणि ती तेथेच अडकून राहते. यावर उपाय साधा आहे. काँट्रॅक्टचा पत्ता लागणारे काम आणि रक्कम पाठवण्याचे काम एका बैठकीत करू नये. आणि करावेच लागले, तर मधे एखादा निरर्थक शब्द कॉपी करून जुना मजकूर घालवून टाकावा.

नेटवर्कचा घोटाळा

इथेरियम, बीएनबी स्मार्ट चेन, पॉलिगॉन, आर्बिट्रम, ऑप्टिमिझम या सर्व नेटवर्कवर पत्त्याचे रूप एकसारखेच असते. त्यामुळे पत्ता पाहून नेटवर्क ओळखता येत नाही. एक्स्चेंजवरून (क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडून) यूएसडीटी काढताना नेटवर्कची जी यादी उघडते, तिच्यात अनेकजण सर्वांत कमी शुल्काची ओळ निवडतात आणि समोरच्याचे खाते त्या नेटवर्कवर आहे की नाही हे विचारतच नाहीत. ट्रॉनचा पत्ता टी या अक्षराने सुरू होतो आणि चौतीस चिन्हांचा असतो, म्हणून ट्रॉन आणि इथेरियम यांची अदलाबदल वॉलेट रोखते. इथेरियम आणि पॉलिगॉन यांची अदलाबदल ते रोखू शकत नाही.

या चुकीचा परिणाम पत्ता कोणाच्या ताब्यात आहे यावर अवलंबून असतो. स्वतःच्या वॉलेटचा पत्ता असेल आणि त्याची खासगी किल्ली (रक्कम हलवण्यासाठी लागणारा गुप्त संकेत) आपल्याजवळ असेल, तर तीच किल्ली दुसऱ्या नेटवर्कवरही चालते. वॉलेटमध्ये ते नेटवर्क जोडले आणि तेथील शुल्कापुरते नाणे ठेवले की रक्कम हलवता येते. एक्स्चेंजच्या खात्यात जमा करताना अशी चूक झाली तर किल्ली एक्स्चेंजकडे असते, आणि रक्कम शोधून द्यायची की नाही हे तेच ठरवते.

आणि पत्ता साध्या वॉलेटचा नसून अनेक सह्यांनी चालणाऱ्या काँट्रॅक्ट वॉलेटचा असेल, तर वरचा दिलासाही उरत नाही. २०२२ मध्ये ऑप्टिमिझम फाउंडेशनने विंटरम्यूट या कंपनीला २ कोटी ओपी टोकन द्यायचे ठरवले. कंपनीने जो पत्ता दिला तो इथेरियमवरील तिच्या काँट्रॅक्ट वॉलेटचा होता. ऑप्टिमिझमवर ते वॉलेट अद्याप उभारलेलेच नव्हते. टोकन त्या पत्त्यावर जाऊन पडले. कंपनी ते वॉलेट उभारण्याच्या खटपटीत असतानाच एका अनोळखी हल्लेखोराने आधी संधी साधून त्याच पत्त्यावर वॉलेट उभारले आणि टोकन ताब्यात घेतले. पुढे त्याने सुमारे १ कोटी ७० लाख टोकन परत केले, हे त्या कंपनीचे नशीब. समोरच्याला विचारायचा प्रश्न, म्हणून, ‘तुमचा पत्ता काय’ इतका मोघम नसावा. ‘अमुक नाणे, अमुक नेटवर्कवर, घेण्यासाठीचा तुमचा पत्ता काय, आणि या नेटवर्कवर त्यातून पूर्वी काही बाहेर पाठवले आहे का’ असे सविस्तर विचारावे.

टॅग आणि मेमो

एक्सआरपी, स्टेलर आणि अशाच काही नेटवर्कवर एक्स्चेंज आपल्या सर्व ग्राहकांसाठी एकच पत्ता वापरते, आणि रक्कम कोणाची हे एका वेगळ्या क्रमांकावरून ओळखते. एक्सआरपीत त्याला डेस्टिनेशन टॅग म्हणतात, स्टेलरमध्ये मेमो. मोठ्या गृहसंकुलाचा पत्ता बरोबर लिहिला पण सदनिकेचा क्रमांक राहिला, तर पार्सल पहारेकऱ्याच्या टेबलावर पडून राहते, तसा हा प्रकार आहे. टॅग राहिला तर रक्कम एक्स्चेंजपर्यंत पोहोचते, आपल्या खात्यात मात्र दिसत नाही, आणि मदत कक्षाशी पत्रव्यवहार करून ती जुळवून घ्यावी लागते. ज्याच्याकडून पत्ता घेतला त्याच्याकडूनच टॅग हवा की नको हेही विचारून घ्यावे. स्वतःच्या वॉलेटवर पाठवताना टॅगची चौकट रिकामी राहिली तरी चालते. एक्स्चेंजवर पाठवताना ती रिकामी दिसली तर थांबावे.

पत्ता कोठून उचलावा

माझ्या मते या सर्व प्रकरणात सर्वाधिक दुर्लक्षित प्रश्न हाच आहे. लोक पत्ता कसा चिकटवावा याची चर्चा करतात. कोठून आणला हे कोणी विचारत नाही.

सर्वांत घातक जागा म्हणजे वॉलेटमधील मागील व्यवहारांची यादी. ३ मे २०२४ रोजी एका वापरकर्त्याने ज्या पत्त्यावर मोठी रक्कम पाठवायची होती, तेथे आधी थोडे इथर (इथेरियमचे नाणे) चाचणी म्हणून पाठवले होते. व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदींवर पाळत ठेवून असलेल्या हल्लेखोराने ते पाहिले, पहिली आणि शेवटची काही चिन्हे तंतोतंत जुळतील असा स्वतःचा पत्ता तयार केला आणि त्या पत्त्याशी झालेला एक निरुपयोगी व्यवहार वापरकर्त्याच्या यादीत उमटवला. वापरकर्त्याने खरी रक्कम पाठवताना यादीतील सर्वांत वरचा, ओळखीचा वाटणारा पत्ता कॉपी केला. ११५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारे, बिटकॉइनच्या मोलाचे टोकन), म्हणजे त्या दिवशीच्या भावाने सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर, एका क्षणात गेले. वाटाघाटींनंतर हल्लेखोराने बहुतांश मूल्य इथरच्या रूपात परत केले, परंतु अशा औदार्यावर कोणी विसंबून राहू नये. या पद्धतीला पत्त्याचे विषारीकरण म्हणतात. टोकनच्या काँट्रॅक्टमधील सवलतीचा गैरवापर करून शून्य रकमेचा व्यवहार आपणच पाठवल्यासारखाही दाखवता येतो, त्यामुळे ‘हा तर मीच केलेला व्यवहार’ हा पुरावाही पुरेसा नाही.

येथे आकडे पाहण्यासारखे आहेत. इथेरियम पत्त्याची पहिली चार आणि शेवटची चार चिन्हे जुळवायची तर सोळाचा आठवा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी प्रयत्न करावे लागतात. जुन्या बिटकॉइन पत्त्यात हात चुकण्यापासून आपले रक्षण करणारी संख्याही हीच होती. माणसाच्या हाताच्या चुकीसमोर ती अफाट आहे. ग्राफिक कार्ड लावून बसलेल्या हल्लेखोरासमोर ती काही मिनिटांचेही काम नाही. चेकसम, म्हणजे पत्त्यातील तपासणीचा भाग, अपघातापासून वाचवतो. मुद्दाम घडवलेला खोटा पत्ता स्वतःचा चेकसम बरोबर घेऊनच येतो.

दुसरा धोका क्लिपबोर्डचा. संगणकात किंवा मोबाइलमध्ये शिरलेला एक प्रकारचा व्हायरस कॉपी केलेल्या मजकुरावर नजर ठेवतो आणि तो क्रिप्टोचा पत्ता आहे असे दिसताच त्या जागी चोराचा पत्ता ठेवतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीला गूगल प्ले स्टोअरवर मेटामास्कच्या नावाने वावरणारे असे एक ॲप सापडले होते. म्हणजे ॲप अधिकृत दुकानातून घेतले एवढ्याने भागत नाही. या चोरीत कॉपी केलेला पत्ता बरोबर असतो आणि चिकटलेला वेगळा निघतो. म्हणून जुळवणी नेहमी चिकटवल्यानंतर आणि मूळ ठिकाणाशी करावी.

तिसरा धोका संदेशातूनच येतो. समोरच्याचे ई-मेल किंवा संदेशाचे खाते दुसऱ्याच्या हाती गेले असेल, तर पत्ता त्याच्याच नावाने येतो आणि तो चोराचा असतो. रक्कम मोठी असेल तेव्हा पत्ता एका मार्गाने घ्यावा आणि त्याची पडताळणी दुसऱ्या मार्गाने करावी. संदेशात आलेला पत्ता फोन करून, ओळखीच्या आवाजात वाचून घ्यावा. क्यूआर कोडलाही हेच लागू आहे. दुकानातील कोडवर दुसरा कोड चिकटवलेला असू शकतो, आणि पत्त्याचा क्यूआर कोड बनवून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळाने आपल्या पत्त्याऐवजी स्वतःचाच पत्ता कोडमध्ये घातलेला असू शकतो. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर उमटलेला पत्ता वाचणे टाळू नये.

मग पत्ता ठेवावा कोठे? वॉलेटच्या किंवा एक्स्चेंजच्या पत्तावहीत, एकदा नीट तपासून, नाव देऊन. काही एक्स्चेंजवर वहीत जोडलेल्या नव्या पत्त्यावर ठरावीक तास रक्कम पाठवता येत नाही. ही अडचण गैरसोयीची वाटली तरी ती बंद करू नये. नाव देताना मात्र कंजुषी नको. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिप्टो डॉट कॉम या एक्स्चेंजने स्वतःच्या सुरक्षित साठ्यात न्यायचे ३ लाख २० हजार इथर दुसऱ्या एका एक्स्चेंजवरील स्वतःच्याच मंजूर पत्त्यावर पाठवले. ते परत मिळाले, परंतु मंजूर यादीतही चुकीची ओळ निवडली जाऊ शकते हे त्यातून सिद्ध झाले. ‘माझे वॉलेट २’ असे नाव सहा महिन्यांनी काहीही सांगत नाही. ‘हार्डवेअर वॉलेट, इथेरियम, बचत’ असे नाव सांगते. एक्स्चेंजचा जमा करण्याचा पत्ता वहीत ठेवला असेल, तर प्रत्येक वेळी खात्यात शिरून तो अजून तोच आहे का हे पाहावे, कारण एक्स्चेंज तो बदलू शकते. लाइटनिंगचे (बिटकॉइनच्या झटपट व्यवहारांच्या नेटवर्कचे) बिल तर वहीत ठेवायचे नसतेच. ते एकदाच वापरायचे असते आणि मुदत संपली की निकामी होते.

जुळवणी कशी करावी

पत्त्याची पहिली चार आणि शेवटची चार चिन्हे पाहणे ही पद्धत सर्वत्र रूढ आहे, आणि वर सांगितलेला हल्ला नेमका तिच्यावरच बेतलेला आहे. पुष्कळ वॉलेट मधला भाग टिंबांनी झाकून दाखवतात, ही त्यांची मोठी उणीव मानली पाहिजे. पूर्ण पत्ता उघडावा आणि चार-चार चिन्हांचे गट पाडून वाचावा. इथेरियमच्या चाळीस चिन्हांचे बरोबर दहा गट होतात आणि वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही. तेवढाही वेळ नसेल, तर दोन्ही टोकांच्या जोडीला मधलेच कोठलेही चार चिन्हांचे गट, प्रत्येक वेळी वेगळे, जुळवावेत. हल्लेखोराला आपण कोणता गट पाहणार हे ठाऊक नसते, आणि एका ठरलेल्या गटाची भर पडली तरी त्याचे काम ४२९ कोटी प्रयत्नांवरून २८१ लाख कोटींवर जाते.

एकाच माणसाने दोन पडद्यांवर नजर फिरवण्यापेक्षा एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने बोट ठेवून पाहावे, हे अधिक खात्रीचे. आमच्या घरी मी वाचतो आणि पत्नी पाहते. उलट केले तर मी तिसऱ्या गटानंतर लक्ष न देताच ‘हो, हो’ म्हणू लागतो, असा तिचा अनुभव आहे. पाहणारा कंटाळला की जुळवणीचा उपयोग संपतो, म्हणून हे काम रात्री उशिरा, प्रवासात किंवा भाव पडत असताना घाईघाईने करू नये.

हार्डवेअर वॉलेट (किल्ली वेगळ्या छोट्या उपकरणात ठेवणारे वॉलेट) असेल तर अंतिम जुळवणी त्या उपकरणाच्या छोट्या पडद्यावरच करावी. संगणकाचा पडदा संगणकातील व्हायरसच्या ताब्यात असू शकतो. सही मात्र उपकरणाच्या पडद्यावर दिसणाऱ्या पत्त्यासाठी होते. रक्कम स्वीकारतानाही हाच नियम आहे: आपला पत्ता दुसऱ्याला देण्याआधी तो उपकरणाच्या पडद्यावर पाहून मगच द्यावा.

चाचणीचा व्यवहार

आधी थोडी रक्कम पाठवून पाहावी, हा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो योग्यच आहे. तरीही वर सांगितलेल्या दोन घटनांत चाचणी झालेली होती. ऑप्टिमिझमने टोकन देण्याआधी दोनदा चाचणी केली होती आणि दोन्ही वेळा समोरून पोच मिळाली होती. रक्कम पत्त्यावर दिसली, पण ती तेथून हलवता येते का, हे कोणी पाहिले नाही. म्हणून मोठ्या रकमेच्या बाबतीत चाचणी पुरी तेव्हाच समजावी, जेव्हा समोरचा त्याच पत्त्यावरून तिचा काही भाग परत पाठवेल. मे २०२४ च्या घटनेत चाचणी झाली ती एका पत्त्याची आणि मोठी रक्कम गेली दुसऱ्याच पत्त्यावर, कारण मधल्या वेळात पत्ता नव्याने, चुकीच्या जागेवरून उचलला गेला. चाचणी यशस्वी झाली की तो पत्ता लगेच पत्तावहीत नोंदवावा आणि मोठी रक्कम त्या नोंदीवरूनच पाठवावी.

चाचणीची रक्कम फार लहानही नसावी. अनेक एक्स्चेंजवर जमा रकमेची किमान मर्यादा असते आणि तिच्याखालची रक्कम खात्यात दाखवली जात नाही. मग पत्ता बरोबर असूनही चाचणी फसल्यासारखी वाटते. बिटकॉइनमध्ये व्यवहार नोंदला जायला सरासरी दहा मिनिटे लागतात आणि कधी बराच अधिक वेळ जातो. तेवढे थांबण्याची तयारी नसेल तर मोठी रक्कम त्या दिवशी पाठवूच नये.

चूक झालीच तर

व्यवहार अजून ब्लॉकमध्ये (एकत्र नोंदल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्यात) नोंदला गेला नसेल, तर काही वेळ हाती असतो. बिटकॉइनमध्ये अधिक शुल्काचा दुसरा व्यवहार पाठवून पहिला बदलण्याची सोय अनेक वॉलेट देतात. इथेरियममध्ये त्याच अनुक्रमांकाचा, अधिक शुल्काचा व्यवहार स्वतःलाच पाठवून पहिला रद्द करता येतो. इथेरियमचा ब्लॉक बारा सेकंदांच्या अंतराने येतो, त्यामुळे तेथे ही संधी क्वचितच मिळते. व्यवहार नोंदला गेल्यावर तो उलटवणारी कोणतीही कळ नाही.

रक्कम एक्स्चेंजच्या पत्त्यावर चुकीच्या नेटवर्कने किंवा टॅगविना गेली असेल, तर व्यवहाराचा हॅश, नाणे, नेटवर्क, रक्कम आणि वेळ लिहून त्यांच्या अधिकृत मदत कक्षाकडे त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. पत्ता चोराने बदललेला असेल तर १९३० या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच कळवावे. रक्कम पुढे एखाद्या एक्स्चेंजवर गेली, तर ती तेथे गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. समाजमाध्यमांवर ‘आम्ही क्रिप्टो परत मिळवून देतो’ असे सांगत कोणी स्वतःहून संपर्क साधला आणि आगाऊ शुल्क किंवा सीड फ्रेज (वॉलेट पुन्हा उघडण्याचे गुप्त शब्द) मागितली, तर ती दुसरी चोरी समजावी.

भारतातील वाचकांसाठी कराची बाजूही येथे येते. आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के दराने कर लागतो, त्यातून खरेदीची किंमत सोडून अन्य खर्च वजा होत नाही, आणि एका मालमत्तेतील तोटा दुसरीच्या नफ्यातून वळता करता येत नाही. चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कम कराच्या हिशेबात भरून निघेल असे गृहीत धरू नये, आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी त्या व्यवहाराचा हॅश व तक्रारीची प्रत सनदी लेखापालांना दाखवावी.